टाकीतला माणूस

मन स्थिर नसलं की आपल्याकडचा माणूस देवळात जातो. फारच अस्थिर असेल तर बँकेत पासबुक भरून घ्यायला येतो. अमेरिकेतला माणूस मात्र टाकीत उतरतो. हे ज्ञान मला ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या इंग्रजी सिनेमानं दिलं. केन रसेल यांचा हा सिनेमा १९८० सालचा. आमच्या नेर परसोपंतला तो पोचला चिरंजीवांच्या लॅपटॉपमधून, म्हणजे चाळीस वर्षं उलटल्यावर. आमच्याकडे विकासही याच वेगानं येतो, तेव्हा तक्रार नाही.

गोष्ट एका प्राध्यापकाची. बायको विदुषी, दोन गोड मुली, नोकरी पक्की. आमच्या हिशेबानं माणूस सर्व बाजूंनी जमा! पण त्याला मनाच्या तळाशी काय शिल्लक आहे ते बघायचं असतं. म्हणून तो पाण्याच्या काळोख्या टाकीत पडून राहतो, मेक्सिकोत जाऊन कसला तरी काढा पितो, पुन्हा टाकीत. शेवटी एका रात्री आदिमानव होऊन बाहेर पडतो आणि थेट प्राणिसंग्रहालयात शिकारीला!

“अंधारात बसाले येवढा पैसा लागते काय जी?” सौ.नं विचारलं. “आपल्या इथं तर लाइनच नसते.”

आता कुणी म्हणेल, थापा आहेत. पण टाकी खरी आहे. जॉन लिली नावाच्या डॉक्टरनं ती १९५४ साली अमेरिकेतल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत तयार केली. प्रश्न साधा होता : डोळ्यांना काही दिसलं नाही, कानांना ऐकू आलं नाही, तर मेंदू झोपी जातो का? गडी स्वतःच पाण्यात उतरला. उत्तर मिळालं, झोपत नाही. बाहेरचं बंद झालं की मेंदू स्वतःचेच खेळ सुरू करतो. हा अनुभव मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये वीस वर्षं घेतो आहे, पण माझ्यावर कुणी सिनेमा काढला नाही. गंमत म्हणजे मूळ कादंबरी आणि पटकथा लिहिणारे पॅडी चायेफ्स्की दिग्दर्शकाशी असे बिनसले, की पटकथालेखक म्हणून पडद्यावर त्यांनी आपलं नेहमीचं नावच येऊ दिलं नाही. मनाच्या शोधाला निघालेल्या मंडळींची ही मनःशांती!

आमच्या घरात मात्र टाकीवाचून, काढ्यावाचून एक मन बदलतं आहे. बाबांचं. वय चौऱ्याऐंशी. तीन वर्षांपासून त्यांची एकेक नोंद पुसली जाते आहे. आधी पैशांचे हिशेब गेले, मग नातवंडांची नावं, मग मी. कधी ते कापसाच्या बंडीवर बसून बाजाराला निघालेले असतात, आणि आम्हाला बाजूला सरकायला सांगतात.

सिनेमाच्या शेवटी प्राध्यापक विरघळूनच जायला लागतो, तेव्हा बायको त्याला धरून ठेवते, आणि तिच्यापायी तो परत माणसात येतो. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हे सारं बघत होते. पडदा काळा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“भाऊ, तुमी कोन्या गावचे?”

“नेरचाच, बाबा.”

“रात्र झाली. जेवून जा मंग.”

माझं जेवण तासाभरापूर्वीच झालं होतं. तरी सौ.नं काही न बोलता दोन पानं वाढली, आणि मी बाबांच्या शेजारी बसलो.