काटा कधी चढतो?

मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशीच्या पुढेच असतो. अशा दुपारी समृद्धी महामार्गावरून उतरलेली टर्बो पेट्रोल गाडी गॅरेजच्या दारात येते. मालक म्हणतो, "गरम होतेय." जाणता मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, "कधी?"

अर्धं निदान त्या एका शब्दात आहे. गावातल्या गांधी चमनच्या गर्दीत तापमानाचा काटा चढला आणि गाडी पळायला लागताच उतरला, तर संशय फॅनवर किंवा त्याच्या रिलेवर. धावत्या गाडीत फॅनचं काम वाराच करतो. उलट, गावात शांत असलेली गाडी 120 च्या वेगात तासाभराने तापत असेल तर कूलंट पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून तुंबलाय, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडतोय, नाहीतर वॉटर पंपाची पाती झिजलीत. शिवाय या गाड्यांत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर आणि बहुधा इंटरकूलरही असतो. मागे पोचणारा वारा आधीच तापलेला.

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्याआधी खड्ड्यांच्या रस्त्यांवर असा वेग तासभर टिकवणं अवघडच होतं, म्हणून असे दोष झाकलेले राहत. आता रस्ताच गाडीची परीक्षा घेतो.

जालन्याचा मोठा गुन्हेगार मात्र बोअरचं पाणी. काळ्या खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि उष्णता आतच कोंडते. लालबुंद सळईवर किती पाणी किती दाबाने मारायचं याचा हिशेब पोलादाच्या मिलमध्ये ठेवणारं हे शहर, गाडीत मात्र हाताला लागेल ते पाणी ओततं. टंचाईच्या गावात ते समजण्यासारखं आहे, तरी चूक ती चूकच. साधं पाणी इथल्या उंचीवर 98 अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण दाबाच्या झाकणाखाली 125 अंशांपर्यंतही उकळत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकणं आणि फॅन डायरेक्ट करणं हे दोन उपाय सर्रास होतात. त्यांनी तक्रार गप्प होते, आजार राहतो. कूलंट कमी होतंय, पण जमिनीवर थेंब नाही, टाकीत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो, अशी लक्षणं असतील तर हेड गॅस्केट तपासलंच पाहिजे. त्यासाठी एक निळा द्रव मिळतो. टाकीतली हवा त्यातून ओढली आणि तिच्यात इंजिनातला जळका वायू असला, की तो पिवळा होतो. ही चाचणी काही मिनिटांची. ती न करता हेड खोलायला परवानगी देऊ नये.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. काटा पहिल्यांदा चढला ती वेळ, तो वेग आणि एसी चालू होता की बंद, एवढं लिहून ठेवा. मिस्त्रीला तेच हवं असतं.