आफ्रिका, पोहरीमार्गे

आमच्या ह्यांना आफ्रिकेची बाधा झाली ती शाळेत असताना, आणि तीही भूगोलाच्या नकाशातून. ओकावांगो नावाची नदी समुद्राला मिळतच नाही, बोट्स्वानात कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच जिरते, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला सांगितले होते. मी निपाणीची. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला, एवढेच मला ठाऊक. नदीने समुद्राला न मिळण्यात कौतुकासारखे काय आहे, ते मला काही कळले नाही.

लग्न १९८२ चे. हे भोपाळला भेलमध्ये, पिपलानीत क्वार्टर. बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात ह्यांची कात्रणे असत: क्रूगरचे हत्ती, एटोशाचे पांढरे मिठागर, व्हिक्टोरिया धबधब्याचा धुरळा. दर दिवाळीला साफसफाईत मी तो डबा पुसून परत जागेवर ठेवी.

२००९ मध्ये पहिल्यांदा हाताशी थोडे पैसे उरले. ह्यांनी कुठूनसे पत्रक आणले. जोडप्यासाठी बारा दिवसांची सहल: सिंह, हत्ती, झांबेझीत होडी, रात्री तंबूत मुक्काम. मी म्हटले, "पुढच्या वर्षी बघू." कारण मुलीच्या पुण्यातल्या शिक्षणाचे दिले, आणि ते खोटे नव्हते, पण खरे कारण निराळे होते. जनावरे बघायला एवढा पैसा उधळायचा, हेच माझ्या निपाणीच्या मनाला पटत नव्हते. हे काही बोलले नाहीत. पत्रक डब्यात गेले. पुढचे वर्ष त्यानंतर दहादा आले.

तेवढ्यात ह्यांची छाती बोलू लागली. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री मामांना आणायला हे स्टेशनवर गेले होते. त्या वायूत हजारो माणसे गेली, हे वाचले. 'वाचले' हा शब्द आम्ही भोपाळकर जरा जपूनच वापरतो. तरुणपणी ते दुखणे दबून राहिले, साठीनंतर वर आले. जिना चढताना मध्ये थांबायचे, थांबल्याचे कुणाला कळू नये म्हणून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायचे. २०१९ साली डॉक्टरांनी सांगितले, लांबचा विमानप्रवास नको. घरी आल्यावर ह्यांनी बिस्किटांचा डबा माळ्यावर टाकला. माझ्याकडे न बघता.

म्हणून १७ सप्टेंबर २०२२ ला टीव्हीसमोर बसून मी रडले, त्याचे कारण ह्यांना समजले नाही. नामिबियाहून आठ चित्ते घेऊन विमान ग्वाल्हेरला उतरले होते, तिथून हेलिकॉप्टरने ते आपल्या मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात निघाले होते. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. आम्ही जाऊ शकलो नाही, तर आफ्रिकाच शिवपुरीच्या पलीकडे येऊन बसली.

चित्ता मला तसा परका नव्हता. निपाणीचे माझे आजोबा कोल्हापूरच्या दरबारातल्या चित्त्यांच्या गोष्टी सांगत. डोळ्यांवर टोपडे बांधलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर नेत, काळविटांचा कळप दिसला की टोपडे काढीत. देशातले चित्ते संपत आले तेव्हा संस्थानिक ते आफ्रिकेतून आणवू लागले. शेवटी १९५२ मध्ये सरकारनेच जाहीर केले की हिंदुस्थानातून चित्ता नाहीसा झाला. आमच्याकडे मात्र बिबट्यालाही बेधडक चित्ता म्हणत, त्यामुळे 'काल तंबाखूच्या शेतात चित्ता शिरला' हे वाक्य मी लहानपणी बरेचदा ऐकले आहे. भोपाळला आल्यावर बिबट्याचा तेंदुआ झाला, तरसाचा लकड़बग्घा झाला. सासरची जनावरेसुद्धा नव्याने पाठ करावी लागली.

ह्यांनी कुनोच्या बातम्यांची पुन्हा कात्रणे सुरू केली. बातम्या चांगल्या नव्हत्या. ऑगस्ट २०२३ पर्यंत सहा मोठे चित्ते आणि तीन पिल्ले दगावली. एक गोष्ट वाचून मी चरकले. आपल्या पावसाळ्यात तिकडे हिवाळा असतो, म्हणून त्या जनावरांच्या अंगावर भर पावसात हिवाळ्याची दाट लव उगवली, ती ओली राहून गळपट्ट्याखाली जखमा चिघळल्या. देश बदलला तरी अंगातले ऋतू बदलत नाहीत. मला भोपाळला येऊन चाळीस वर्षे झाली होती, तरी आषाढात मला निपाणीचा वारा लागतोच.

मार्च २०२५ मध्ये आम्ही निघालो. त्या सुमारास काही चित्ते कुंपणाबाहेर मोकळ्या रानात सोडले होते. गाडीत ह्यांचा पंप, गोळ्या, आणि मी केलेल्या दुधातल्या दशम्या. ब्यावरा, गुणा करत संध्याकाळी शिवपुरी. शिंद्यांची ही उन्हाळ्याची राजधानी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माधवराव शिंद्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून या बाजूच्या रानांत सोडले होते. सिंहांनी गुरे मारली, माणसे मारली, आणि शेवटी सिंहांनाच मारावे लागले. आफ्रिकेचे वेड लागलेला मराठी माणूस इकडे पूर्वीही होऊन गेला तर, असे मी म्हटले. ह्यांना हसू आले आणि हसण्याने खोकला.

खोकला थांबेना. रात्री लॉजमध्ये उशीला टेकून बसले होते. पहाटेचे जाणे रद्द करू या म्हणाले नाहीत, मीही म्हणाले नाही. तेव्हा मी सांगून टाकले. म्हटले, "अहो, २००९ मध्ये फीची अडचण नव्हती. मला नको होतं म्हणून मी मोडता घातला."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. आणि खरं सांगू का, तू नको म्हणालीस म्हणून सुटलो. मला विमानाची भीती वाटायची."

हे खरे, की माझी समजूत घालण्यासाठी, ते मी विचारले नाही.

पहाटे पोहरीमार्गे अहेरा गेट. रान उघडेवाघडे झालेले: खैर, सलई, करधई. नुसता हवेतला ओलावा लागला तरी करधईला पालवी फुटते, असे आमचा वाटाड्या सांगत होता. सहरिया जमातीचा मुलगा. त्याच्या आजोबांचे गाव याच जंगलात होते. गीरचे सिंह आणायचे म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथली चोवीस गावे उठवली. सिंह आले नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत आणा म्हटले, तरी आले नाहीत. चित्ते आले. "माँजी, अब तो ये भी हमारे जैसे हैं, बाहर के," तो हसून म्हणाला. बाहेरचा तो कसा झाला, हे काही मला कळेना. कौतुकाच्या बातम्यांत त्या चोवीस गावांना फार तर एक ओळ मिळते, आणि आमच्या डब्यात तेवढीही नव्हती.

दोन तास काहीच नाही. चितळ, नीलगाय, मोर. ऊन चढू लागले आणि ह्यांचा श्वास वाजू लागला. मी परत फिरा म्हणणार, तेवढ्यात वाटाड्याने हात वर केला.

ती एका सलईखाली आडवी होती. गळ्यात पट्टा, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काजळाचे ओघळ उतरल्यासारख्या दोन काळ्या रेघा. समोर चितळाचे पाडस, नुकतेच मारलेले. पण ती खात नव्हती. तिच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या, तोंड उघडे. डरकाळी वगैरे काही नाही. चित्त्याला ती येत नाही म्हणे, पाखरासारखा चिवचिवतो. मला वाटले ती आजारीच आहे. ड्रायव्हरलाही वाटले असावे, की आता काही व्हायचे नाही. त्याने किल्लीला हात घातला.

"थांबा," हे म्हणाले. "दम खाऊ दे तिला."

मग हळू आवाजात मला सांगू लागले, मध्ये मध्ये पंप ओढत. चित्त्याची धाव काही शे मीटरांचीच. तेवढ्यात तो सगळा जीव लावतो, आणि मग कधी कधी अर्धा अर्धा तास नुसता धापा टाकत पडतो. तोवर पुढ्यातले खाता येत नाही. तेवढ्यात बिबट्या किंवा तरस आला तर आयती शिकार घेऊन जातो, आणि हा बघत राहतो. हे सगळे ते नेहमीच्या भूगोलाच्या आवाजात सांगत होते, पण नजर तिच्या बरगड्यांवरून हलत नव्हती. मी पाहिले, त्यांचा डावा हात स्वतःच्या छातीवर होता.

मागे दुसरी जिप्सी येऊन थांबली, त्यातल्या पोरांनी फोटो काढले, कंटाळून गेली. आम्ही थांबलो. माशा घोंगावत होत्या. मी भोवतालच्या झुडपांत तरस शोधत होते आणि मनात गणपतीला म्हणत होते, येऊ देऊ नकोस.

बावीस मिनिटे, हे घड्याळ लावून बसले होते. बाविसाव्या मिनिटाला ती उठली, इकडेतिकडे पाहिले, मान खाली घातली आणि खायला लागली.

ह्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "चलो भैया."

गेटबाहेर आल्यावर लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली. ह्यांचा श्वास अजून वाजत होता. मी पंप पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि मागच्या सीटवरच्या पिशव्या चाचपू लागले.

"अगं, दशम्या कुठल्या पिशवीत आहेत?"