धंद्याचा रकाना

जूनच्या अखेरीस शाळा उघडली की प्रवेशाचे अर्ज भरून घ्यायचे काम आमच्याकडे येते. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावातली आमची उर्दू शाळा. मुले मजुरांची, हमालांची, भंगारवाल्यांची. यंदा पाचवीत आलेला एक मुलगा अर्ज भरता भरता थांबला.

"सर, अब्बा के धंदे में क्या लिखूं?"

"क्या करते तेरे अब्बा?"

तो खाली बघत म्हणाला, "बँड में है." आणि लगेच, "मजदूरी लिखूं क्या?"

आम्ही "लिख" म्हणालो. त्याने लिहिले आणि गेला. आमचे मात्र त्या दिवशी कामात लक्ष लागेना. कारण पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी याच रकान्यात आम्हीही 'मजदूरी' असेच लिहिले होते. आमचे अब्बा बँडपार्टीत क्लॅरोनेट वाजवीत.

लग्नसराईत अब्बा घरी फारसे दिसत नसत. आज मेहकर, उद्या चिखली, परवा मलकापूर. सुपारी ठरली की जरीच्या पट्ट्यांचा लाल कोट घालायचा, पेटी काखेत मारायची आणि एस.टी. गाठायची. वरातीपुढे रात्री उशिरापर्यंत वाजवायचे आणि पंगत उठल्यावर मागाहून जेवायचे. अब्बांना लिहिता-वाचता जेमतेम यायचे, पण नवे गाणे रेडिओवर दोनदा ऐकले की बोटांत उतरायचे. पावसाळ्यात काम नसे. तेव्हा ते ओसरीवर बसून क्लॅरोनेटची पत्ती हळूहळू घासत.

वस्तीत त्यांना 'बाजेवाला' म्हणत. त्या शब्दात मान नव्हता. वाजवणे जायज की नाजायज, हा वाद आमच्या बिरादरीत जुना आहे. त्यात आम्ही पडत नाही. पण बाजा नको म्हणणारेही आणि बाजा हवा म्हणणारेही बाजेवाल्याला मात्र दारातच बसवीत, एवढे आम्ही पाहिले आहे.

पुढे आम्ही बी.एड. झालो, नोकरी लागली. स्थळ आले तेव्हा मामूंनी मुलीकडच्यांना सांगितले, "लड़के के वालिद खेती करते." अब्बा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. निकाह साधेपणाने झाला, बँड नव्हता. त्यानंतर दोन वर्षांनी अब्बा गेले. क्लॅरोनेट माळ्यावर गेली.

हे सगळे विसरल्यासारखे झाले होते. मग एकदा सातवीच्या मुलांना अलिफ लैलाची गोष्ट सांगायची होती म्हणून मोबाईलवर शोधत होतो, तर 'शेहेराजाद' नावाचे वाद्यवृंदाचे संगीत सापडले. रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराने ते १८८८ साली रचले. त्यात बादशहाला गोष्ट सांगणारी शेहेराजाद व्हायोलिनच्या सुरांतून बोलते. आम्ही या माणसाबद्दल अधिक वाचले. हा गृहस्थ आधी आरमारात अधिकारी होता आणि पुढे काही वर्षे आरमाराच्या बँडपथकांचा निरीक्षक होता. म्हणजे त्याचाही संबंध बँडवाल्यांशीच! आम्हाला अब्बांची आठवण झाली.

मग नादच लागला. उस्मानी तुर्कांच्या फौजेपुढे मेहतर नावाचे वाद्यपथक चालायचे: मोठे ढोल, नगारे, झांजा, सनई. युरोप या फौजेला घाबरत होता. १६८३ साली तर तिने व्हिएन्नाला वेढाच दिला होता. भीती ओसरल्यावर त्याच युरोपला या वाद्यांची गोडी लागली. हायडनने १७९४ च्या आपल्या 'मिलिटरी' सिंफनीत मोठा ढोल, झांज आणि त्रिकोण घातले. बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग व्हिएन्नातच झाला, १८२४ साली. सगळी माणसे भाऊ आहेत असे सांगणाऱ्या तिच्या शेवटच्या भागात मध्येच तुर्की धाटणीची कूच वाजते. ज्या शहराला वेढा पडला, त्याच शहरात त्या ढोलाला अशी जागा मिळाली. युरोपच्या पलटणींनीही तो उचलला, इंग्रजांच्या पलटणीबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि पलटणीच्या बँडची नक्कल करत लग्नाचा बँड उभा राहिला. मेहकरच्या वरातीत अब्बांच्या मागे धडधडणारा ढोल एवढा मुलूख हिंडून आला होता, हे अब्बांना ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

आपल्याकडच्या कहाण्याही अशाच. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले. पुढे मैहर संस्थानात त्यांनी साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून मैहर बँड उभा केला आणि बंदुकांच्या नळ्यांपासून नलतरंग हे वाद्य बनवले. रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी यांचे हे गुरू. पोरक्या मुलांना वाद्य शिकवणारा हा माणूस आम्हा मास्तर लोकांनाही गुरूच वाटावा.

गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या सिनेसंगीतात इतरांच्या चालींवर वाद्यवृंद बांधून देत. १९५८ साली त्यांनी रागांवर आधारलेली स्वतःची सिंफनी मुंबईत सादर केली. लोकांना मात्र त्यांचे नाव ठाऊक झाले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गमतीच्या गाण्यामुळे. ते नाव गाण्यात आले, कारण संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य होते.

आणि नौशाद. 'आन' (१९५२) साठी शंभर वादकांचा ताफा उभा करणारे नौशादसाहेब. आपल्या लग्नाची हकीकत ते स्वतः सांगत. सासरच्यांना मुलगा शिंपी आहे असे सांगितले होते. वरातीत बँड 'रतन'ची गाणी वाजवत होता, असल्या गाण्यांना लोक नावे ठेवत होते, आणि ती गाणी रचणारा नवरदेव गप्प बसून होता!

ही हकीकत वाचून आम्ही आधी हसलो. मग हसू आले नाही. नौशादांना निदान गाणी तरी आपली होती. आम्ही तर बाप लपवला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी झाल्यावर आम्ही माळ्यावरून काढलेली पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "ये हमारे अब्बा की क्लॅरोनेट है. हमारे अब्बा बँड में थे." वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरचा तो मुलगा उठून पुढे आला. झाकण उघडून त्याने बघितले आणि जाणत्यासारखे म्हणाला, "सर, इसकी पत्ती गई."

मधल्या सुट्टीत त्याने अर्ज मागितला, 'मजदूरी' खोडले आणि उर्दूत नीट लिहिले: 'क्लॅरोनेट-नवाज'.

आमचा रकाना मात्र अजून अर्धाच दुरुस्त झाला आहे. वर्गात सांगितले, सासरी अजून सांगितलेले नाही. आमचे सासरे मराठी चांगले वाचतात, आणि हा अंक दरवर्षी त्यांच्या घरी जातो.