डेपोत त नाही न?

जयंत नारळीकरांच्या ‘प्रेषित’ कादंबरीतलं बाळ परग्रहावरून येतं आणि माणसांच्या घरात वाढतं. परवा ती पुन्हा हातात घेतली, तर कथानक बाजूलाच राहिलं आणि डोक्यात एकच किडा शिरला. त्याचं यान आमच्या नाचणगावच्या शिवारात, एखाद्या पऱ्हाटीच्या वावरात उतरलं असतं तर?

‘कोण रे तू?’ असं गावानं त्याला आधी विचारलंच नसतं. इथे काही चमकलं, कुठे काही धडाडलं, की माना डेपोकडे वळतात. पुलगावचा दारूगोळा डेपो आमचा शेजारी. 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, स्फोट झाले, आसपासची गावं अंधारात घराबाहेर पडली. आग विझवायला गेलेले कितीतरी जण परतले नाहीत. तेव्हापासून इथे कुतूहलाचा नंबर दुसरा.

2 एप्रिल 2022 चा गुढीपाडवाही तसाच. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, पोरं गाठ्या चघळत अंगणात हुंदडत होती, उन्हाळा म्हणून म्हातारी माणसं बाजा टाकून बाहेरच. पावणेआठच्या सुमारास आभाळात एक जळती रेघ निघाली. एक कसली, चार-पाच पेटते गोळे, शेपट्या ओढत, ओळीनं. उल्का डोळा लवायच्या आत विझते. हे प्रकरण मात्र आवाज न करता, घाई न करता चाललेलं.

“काकाजी, डेपोत त नाही न काही झालं?”

“डेपो इकडे हाय बे, थे तिकडून येऊन रायलं!”

मग अंदाजांना ऊत आला. विमान पेटलं. युक्रेनचं युद्ध नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे कुणी क्षेपणास्त्र सोडल्याची खात्री एकानं दिली. एका पोरीनं ठासून सांगितलं, “एलियन हाय.” तिच्या आजीनं कुठलीही चौकशी न करता हात जोडले. मला त्या गर्दीत सगळ्यांत शास्त्रशुद्ध वाटली ती आजीच. माहीत नसलेल्या गोष्टीशी आधी सभ्यपणे वागावं, एवढं तिला कळत होतं.

त्याच रात्री बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीजवळ, लाडबोरीत, आभाळातून भलंमोठं धातूचं कडं पडलं होतं. आणखी काही ठिकाणी धातूचे गोळे सापडले. ते कडं पोलीस ठाण्यात गेलं. मंगळ-शुक्रावरचा मुद्देमाल आमच्याकडे पंचनाम्याशिवाय हलणार नाही, हे त्यावरून नक्की झालं. पुढे इस्रोची माणसं आली. 2021 च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च 3बी’ रॉकेटचा तो टप्पा असावा, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी गणितानं सांगितलं.

“एवढंच होय!” काकाजी म्हणाले.

रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर मीही नेमकं हेच म्हणतो. नारळीकर हिशेब चोख देतात. पण मला त्यांची मधली पानं जास्त प्रिय. ‘वामन परत न आला’मध्ये जमिनीखालून निघालेली ती पेटी उघडेपर्यंतची पानं मी मुद्दाम सावकाश वाचतो.

त्यांचं स्वतःचं पदार्पणही एक रहस्यच होतं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक कुणी नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. उलटे वाचले की ना. वि. ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. असा कसलेला गुन्हेगार मराठी रहस्यकथेलाही क्वचितच मिळाला असेल.

2025 च्या 20 मे रोजी नारळीकर गेले. आता नव्या लेखकांना एकच विनंती. न्यूयॉर्कवर यानं उतरवायला हॉलिवूड समर्थ आहे. तुम्ही एखादं आमच्या देवळी तालुक्यात उतरवा, गावाला पोटभर भांडू द्या, आणि उत्तर सांगायची घाई करू नका.