भंगारातला अँटेना

२६ जुलै २००५ ची रात्र आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमचे दादा साकीनाक्याच्या एका कारखान्यात कामाला आणि घर विक्रोळीच्या चाळीत. फोन मुके झाले. मोबाईल असून नसल्यासारखे. आई रात्रभर उंबऱ्यावर बसून होती. दादा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कमरेइतक्या पाण्यातून वाट काढत घरी आले. "मी सुखरूप आहे" एवढे चार शब्द कोणी पोहोचवले असते, तर आईची ती रात्र तशी गेली नसती. आम्ही तेव्हा नुकतेच बी.कॉम. होऊन कारकुनीला लागलो होतो. तारेशिवाय आणि मोबाईलच्या टॉवरशिवाय निरोप कसा जातो, हा प्रश्न त्या रात्री डोक्यात शिरला तो निघालाच नाही.

त्याचे उत्तर हौशी रेडिओत मिळाले. या मंडळींना 'हॅम' म्हणतात. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांचे हॅम पथक अंदमानातच होते. बेटांचा संपर्क तुटला असताना या पथकाने पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीला खबर दिली आणि नातेवाइकांचे निरोप पोहोचवले. हे वाचले आणि आम्ही ठरवले, हे शिकायचे.

हे काम परवान्याशिवाय करता येत नाही. केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. रेडिओचे शास्त्र आणि नियम असे तिचे विषय. वय बारा वर्षे पूर्ण हवे. आम्ही पहिल्या खेपेस नापास झालो. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्याला कॉईल आणि कंडेन्सर लवकर उमगत नाहीत. दुसऱ्या खेपेस पास झालो. आमचा अभ्यास करून घेणाऱ्या एका वडीलधाऱ्या हॅमनी आपला जुना संच आम्हाला हप्त्याने दिला. संच आला, पण अँटेना नाही. अनेक पट्ट्यांवर चालणाऱ्या तयार अँटेनाची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो.

एका रविवारी कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा उभा खांब दिसला. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, पट्ट्यांनी आवळलेल्या, बुडाशी एक कॉईल. चिठ्ठीवर २७ मेगाहर्ट्झ लिहिलेले. तो सी.बी., म्हणजे सिटिझन्स बँडचा अँटेना होता. वजनावर साडेचारशे रुपयांत मिळाला. घरी आणला तर आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, भंगार लोक घराबाहेर काढतात. तुम्ही आत आणता!"

या खांबामागे इतिहास आहे. २७ मेगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेत आधी हॅम लोकांकडेच होता. १९५८ मध्ये तो त्यांच्याकडून काढून सर्वसामान्यांच्या बोलण्यासाठी दिला गेला. १९७३ च्या तेलटंचाईत तिथल्या ट्रकवाल्यांनी तो घरोघर नेला. आपल्याकडे २००५ पासून कमी शक्तीच्या सी.बी. संचाला परवाना लागत नाही. म्हणजे हॅमच्या हातून गेलेल्या पट्ट्यावरचा खांब आम्ही पुन्हा हॅमच्या कामाला लावणार होतो.

यातले गणित शाळेतल्या भागाकाराएवढेच आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये येते. २७ साठी ती सुमारे ११ मीटर. आमचा खांब अर्ध्या लहरीचा होता. नळीत लांबी थोडी कमी धरावी लागते, म्हणून तो सव्वापाच मीटर भरला. आता १४ मेगाहर्ट्झ हा हॅमचा दूरवर जाणारा पट्टा. त्याची लहर सुमारे २१ मीटर, आणि तिचा चौथा भाग, ती कमी धरून, पाच मीटर. म्हणजे पट्टी सैल करून नळी वीसेक सेंटीमीटर आत सरकवली की २७ ची अर्धी लहर १४ ची पाव लहर होते! शिवाय २८ म्हणजे १४ ची दुप्पट. तेवढीच लांबी २८ ला अर्धी लहर ठरते. करवतसुद्धा लागली नाही.

मग आम्ही बुडाची कॉईल सोडवली, केबल थेट खांबाला जोडली आणि १४ वर मीटर लावला. संचाने पाठवलेली शक्ती अँटेनाने न घेतली तर ती माघारी येते; किती येते ते हा मीटर दाखवतो. काटा तीनच्या पुढे गेला. दीडच्या आत हवा. तीन रविवार आम्ही नळी वरखाली केली. सौ. काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले.

शेवटी आमच्या गुरुजींनी एकच प्रश्न विचारला, "जमिनीची बाजू कुठे आहे?" अर्ध्या लहरीच्या खांबाला ती फारशी लागत नाही. पाव लहरीचा खांब मात्र अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा खाली तारांनी द्यावा लागतो. आम्ही पाच-पाच मीटरच्या चार तारा गच्चीच्या कठड्यालगत पसरल्या आणि केबलच्या जाळीला जोडल्या. काटा दीडवर आला.

२८ साठी जुनीच कॉईल परत जोडली. ७ मेगाहर्ट्झसाठी खांब फारच आखूड पडतो. त्याला दोन इंची पी.व्ही.सी. पाइपवर तांब्याच्या तारेचे पंधराएक वेढे घेऊन मध्ये घातले आणि जमिनीवर दहा-दहा मीटरच्या दोन तारा वाढवल्या. आखूड खांबाची शक्ती ७ वर बरीच वाया जाते, तरी महाराष्ट्रभर बोलण्याइतकी उरते. तिन्ही जोडण्या जेवणाच्या एका प्लास्टिकच्या डब्यात बसवल्या. पट्टा बदलायचा तर गच्चीवर जाऊन एक चिमटा हलवायचा.

शेजाऱ्यांना विजेची भीती वाटत होती, आणि ती खोटी नव्हती. खांब विजेच्या तारांवर पडेल असा कधीही उभारू नये. अर्थिंग करावे. ढग गडगडू लागले की केबल संचापासून सोडवून ठेवावी. हे सर्व आम्ही सोसायटीला लिहून दिले, तेव्हा गच्ची मिळाली.

एका पहाटे वीज गेली असताना आम्ही संच बॅटरीवर लावला. ७ वर सोलापूरच्या एका हॅमने आमच्या हाकेला उत्तर दिले. दादा आता थकले आहेत. ते शेजारी बसून ऐकत होते. बोलणे संपल्यावर म्हणाले, "हे चांगलं केलंस. पण त्या रात्री मी तुला कसं सांगितलं असतं रे? माझ्याकडे कुठे काय होतं?"

आम्ही निरुत्तर झालो. दादांचे खरे आहे. एका घरावर खांब उभा राहून भागत नाही. पलीकडे ऐकणारा आणि बोलणारा हवा. साकीनाक्याला एक परवानाधारक असता आणि विक्रोळीला एक, तरच ते चार शब्द आईपर्यंत पोहोचले असते.

म्हणून आता दर रविवारी सकाळी आम्ही वस्तीतल्या पाच मुलांचा या परीक्षेचा अभ्यास घेतो. आमची धाकटी अकरा वर्षांची आहे. परवाना नसल्याने ती फक्त ऐकते, बोलत नाही, आणि वाढदिवसाचे दिवस मोजते. आपल्याकडेही अशी मुले असतील. त्यांना पाठवा. खांब भंगारात मिळतो. माणसे मात्र आपल्यालाच तयार करावी लागतील.