‘इफ यू कुड’ आणि एक शुक्रवार

‘सूचना गांभीर्याने घेत नाही’ असा शेरा त्या मुलाच्या अप्रेजलमध्ये पडला, याचा मला अजून राग येतो. आमच्या टीममध्ये प्रत्येक मेल अक्षरन् अक्षर वाचणारा तोच होता. नेमकं तेच त्याला नडलं.

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांचं काम कसं चालतं, हे आता घराघरात ठाऊक आहे. क्लायंट इंग्लंडमधला, मी टीम लीड, मुलगा उदगीरकडचा, मराठी माध्यमातला, व्याकरणाला पक्का. हिवाळ्यातला शुक्रवार होता. त्यांच्याकडे दुपारचे तीन, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. तेव्हा मेल आला की एका रिपोर्टमधले आकडे जुळत नाहीत. शेवटी वाक्य होतं : ‘इफ यू कुड टेक अ लुक बिफोर मंडे, दॅट वुड बी ग्रेट.’

त्याच्या हातात त्याच क्लायंटचं वरच्या प्रायॉरिटीचं टिकेट होतं. जमलं तर बघा, असं लिहिलंय; आज जमण्यासारखं नाही; तेव्हा सोमवारी सकाळी आधी हेच, असा त्याने हिशेब केला आणि तसं नोंदवूनही ठेवलं. मग रात्री उशिरापर्यंत बसून हातातलं टिकेट संपवलं.

सोमवारी त्यांचा दिवस सुरू झाला आणि मेल थेट आमच्या मॅनेजरकडे गेला. त्यातही एक चढा शब्द नव्हता. ‘इट वुड हॅव बीन हेल्पफुल इफ द टीम हॅड बीन एबल टू लुक ॲट धिस अर्लियर.’ टीमला आधी बघता आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच. पण मॅनेजरांनी ते वाचलं आणि अर्ध्या तासात सगळ्यांना कॉलवर बसवलं. क्लायंट भयंकर चिडलाय, हे एस्केलेशन आहे, हे त्यांना एका वाचनात कळलं होतं.

मला पचत नाही ते हेच. दोन्ही वाक्यं एकाच घडणीची. दोन्हींत जर-तर, दोन्हींत क्षमतेची गोष्ट, आणि दोन्हींत क्षमतेशी काही देणंघेणं नाही. दुसऱ्या वाक्यातला राग ओळखणाऱ्या माणसाने पहिल्या वाक्यातला हुकूम न ओळखणाऱ्या मुलाला निष्काळजी ठरवावं? मी कॉलवर म्हटलं, ‘सर, त्याने लिहिलंय तेच वाचलं. सोमवारच्या आत हवंच होतं तर तसं स्पष्ट मागायला हवं होतं.’ उत्तर मिळालं, ‘अहो, हे कॉमन सेन्स आहे. त्याच्यात ओनरशिप नाही.’ महिनाभरात तो बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, गेला. त्या रात्री त्याने बंद केलेल्या टिकेटचा कुणी उल्लेखही केला नाही.

कॉमन सेन्स कसला? शाळेत आपल्याला ‘कुड’ म्हणजे ‘कॅन’चा भूतकाळ असं शिकवतात. मग जर-तरच्या वाक्यांचे प्रकार घोकून घेतात. रोजच्या इंग्रजीत मात्र ‘इफ’नंतरचा हा ‘कुड’ बहुधा भूतकाळाचा नसतो. तो बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यापासून अदबीने एक पाऊल मागे नेतो. ‘इफ यू कॅन मेक इट’ असं आमंत्रण आलं तर खरंच न जाण्याची मोकळीक असते. ‘इफ आय कुड, आय वुड’ म्हणजे जमणार नाही. आणि कामाच्या ठिकाणी नुसतं ‘इफ यू कुड जस्ट रन दॅट रिपोर्ट’ म्हणून वाक्य सोडून दिलं, की तो आदेश. पुढचं ‘तर’ येतच नाही. निकोलस इव्हान्स या ऑस्ट्रेलियन भाषाशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये अशाच, मुख्य वाक्याविना एकट्या उभ्या राहणाऱ्या गौणवाक्यांवर लेख लिहिला. अभ्यासकांना ज्यावर लेख लिहावासा वाटतो, ते बाविशीच्या मुलाला आपोआप कळायला हवं होतं म्हणे.

आता मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते : कामाच्या मेलमध्ये ‘इफ यू कुड’ दिसलं की ते काम आलंय असं धरा, आणि लगेच विचारा, कधीपर्यंत हवंय? जमणार नसेल तर त्याच तासाला तसं कळवा. गप्प राहिलात तर समोरचा होकार समजतो.

बरीच वर्षं मी इंग्रजांच्या या बोलण्याला लबाडी म्हणत आले. पण आपण तरी काय करतो? ‘जमलं तर तेवढी कोथिंबीर निवडून ठेव गं,’ असं सासूबाई म्हणाल्या तर ती निवडायचीच असते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि लग्नाच्या आमंत्रणाला आपण ‘जमलं तर नक्की येते’ म्हणतो, तेव्हा यजमान आपलं पान धरत नाहीत. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या सौजन्यावरच्या पुस्तकात इंग्रजीच्या जोडीला तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषांमधलीही उदाहरणं आहेत. म्हणजे समोरच्याचा मान राखून काम सांगणं सगळीकडेच चालतं. मीही आता क्लायंटला ‘इफ यू कुड’ लिहिते, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. ‘हे करा’ असं कुणी मला लिहिलं तर ते टोचतं.

तरीही त्या शेऱ्याबाबत माझं मत तसूभर बदललेलं नाही. अदबीने सांगायची सोय वरच्या माणसाला हवी असेल, तर न कळल्याची किंमतही त्यानेच द्यावी. पगार ज्याचा सगळ्यात कमी, त्याच्याकडून ती वसूल करू नये.