पानशेतनंतरचे घर

१/ आजचा धागा किल्ल्यांविषयी नाही आणि लढायांविषयीही नाही. तो एका साध्या, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याच घराविषयी आहे. माझ्या आजोबांनी ते पुण्यात १९६४ साली बांधले. गेल्या पावसाळ्यात आजी मागच्या पायरीवरून घसरून पडली आणि या घराचे पुढे काय करायचे, हा प्रश्न कुटुंबासमोर उभा राहिला. काका म्हणाले, बिल्डरला देऊन टाकू. मी इतिहासाची विद्यार्थिनी. ‘हा वारसा आहे’ असे ताडकन बोलून गेले. त्या वादात मी अर्धीच बरोबर होते. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ आरंभ १२ जुलै १९६१ पासून करावा लागेल. त्या सकाळी, काम अजून पुरे न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खालच्या अंगाला असलेल्या खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आला आणि त्याच दिवशी तेही फुटले. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला.

३/ आमचे बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने होते. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधल्या भिंती मातीच्या व कच्च्या विटांच्या. असे बांधकाम पावसाला सहज तोंड देते, कारण वरचे छप्पर भिंतींना राखते. पण भिंतीचा तळच काही तास पाण्यात बुडाला की माती विरघळते. म्हणूनच त्या पुरात कितीतरी वाडे वाहून गेले नाहीत. ते जागच्या जागी खाली बसले.

४/ पुरानंतर शहर नदीपासून दूर सरकले. गोखलेनगरात पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी योजलेला हा निवारा इथे संसाराच्या कामी आला. ज्यांना थोडीफार रक्कम उभी करता येत होती, त्यांनी सहकारी गृहरचना संस्था काढून भूखंड घेतले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा नुकताच झाला होता. आजोबा अशाच एका संस्थेचे सभासद झाले.

५/ गृहकर्ज ही गोष्ट तेव्हा आजच्यासारखी हाताशी नव्हती. केवळ घरांसाठी कर्ज देणारी एचडीएफसी १९७७ साली स्थापन झाली. त्याआधी मध्यमवर्गीय माणूस भविष्यनिर्वाह निधी, विम्याच्या पॉलिसीवरचे कर्ज, संस्थेमार्फत मिळणारी उचल आणि बायकोचे दागिने यांवर घर बांधी. आमच्या घरात आजीच्या चार पाटल्या आहेत. हे वाक्य आजी नेहमी वर्तमानकाळात बोलते.

६/ या घरांचे आजचे आकर्षण कशात आहे? साडेदहा फूट उंचीचे छत. दीड विटेची, म्हणजे सुमारे चौदा इंच जाडीची बाहेरची भिंत. ती दुपारची उष्णता आत पोचायला उशीर लावते. खिडकीसमोर खिडकी, त्यामुळे वारा आरपार. खिडक्यांवर पुढे आलेले छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, पुढे व्हरांडा, भोवती चार झाडे. वाड्यातल्या अंधाऱ्या खोल्यांतून आलेल्या माणसांना हा उजेड केवढा नवा वाटला असेल!

७/ मात्र ज्याला आपण आज ‘साधेपणाचे सौंदर्य’ म्हणतो, त्यामागे टंचाईचाही हात होता. सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारी नियंत्रणाखाली होती. ते अंशतः १९८२ साली आणि पूर्णतः १९८९ साली उठले. परमिटावाचून पोती मिळत नसत. म्हणून सिमेंट आणि लोखंड जपून, फक्त स्लॅब, छज्जे आणि लिंटल एवढ्यापुरते वापरायचे आणि बाकी भार विटांच्या भिंतींवर टाकायचा. आमच्या भिंतींची जुळणी आणि गिलावा चुन्याचा आहे, तो याच कारणाने.

८/ जमीन मोझॅकची. सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे मिसळून लादी ओतायची, ती घट्ट झाली की घासून गुळगुळीत करायची. संगमरवराच्या आख्ख्या फरशीपेक्षा हे स्वस्त, कारण खाणीतला चुरा कामी येतो. आणि लादी मळली तरी वरचा पातळ थर पुन्हा घासला की खालचे खडे नव्याने उजळतात. साठ वर्षांनी घासूनही नवी होणारी वस्तू आपल्या आजच्या घरांत किती आहेत?

९/ वादाच्या त्या दिवसांत मी आजोबांची ट्रंक उघडली. आत निळ्या छपाईचा नकाशा, संस्थेचे भागपत्र, सिमेंटच्या पोत्यांचा जमाखर्च. मला कोण आनंद झाला! नकाशा आजीच्या पलंगावर पसरून मी तिला म्हटले, ‘बघ आजी, मूळ घर हे असं होतं. आपण ते पुन्हा असंच करू.’ आजीने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘धूर कुठं दाखवलाय का त्यात?’

१०/ मग तिने सांगितले. नकाशातले स्वयंपाकघर घरातली सर्वांत लहान खोली. पश्चिमेला एकच खिडकी. चूल आणि शेगडी जमिनीवर. नऊ माणसांचा स्वयंपाक बसून करायचा, पाण्यासाठी उठायचे, पुन्हा बसायचे. १९६९ साली तिने हट्टाने कडाप्प्याचा ओटा बांधून घेतला आणि उभ्याने स्वयंपाक सुरू केला. सासूबाई महिनाभर अबोला धरून होत्या. गॅस त्यानंतर आला. ट्रंकेतल्या कुठल्याच कागदावर या ओट्याची नोंद नाही.

११/ आणि ती पायरी. संडास अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात, तीन पायऱ्या उतरून. वाड्यांत तो शेवटच्या चौकापलीकडे असे, कारण टोपलीचा संडास असायचा आणि तो साफ करायला विशिष्ट जातींतल्या माणसांना मागल्या बोळातून यावे लागे. १९६४ च्या आमच्या घरात सेप्टिक टँक होता, पाणी ओतायची सोय होती. तरीही संडास दूरच ठेवला गेला. व्यवस्था बदलली, पण विटाळाची सवय नकाशात तशीच उतरली. त्या सवयीची किंमत साठ वर्षांनी आजीच्या मनगटाने मोजली.

१२/ मी ‘मूळ रूप’ जपायला निघाले होते, म्हणजे नेमके काय जपणार होते? हा अंतराचा नियमही? व्हरांड्याला पुढे बसलेले ग्रिल, ओटा, भिंतीतले कपाट, हे सारे ‘बिघाड’ मी मनातल्या मनात पुसून टाकले होते. पण घर राहते ठेवले ते या बदलांनीच. अभिलेखागारात कागदाच्या समासातल्या नोंदी वाचायला मी शिकले आहे. घरात मात्र समासच खोडायला निघाले होते.

१३/ अभियंत्याला बोलावले. त्यांनी समजावलेल्या गोष्टी जुन्या घरांच्या प्रत्येक वारसाने ऐकाव्यात. एक, अशा घरात भिंत म्हणजेच खांब. मोकळी जागा हवी म्हणून मधली भिंत पाडायची तर आधी लोखंडी तुळई देऊन वरचा भार पेलावा लागतो. दोन, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये. आतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते आणि पोपडे सुटतात. तीन, स्लॅबमधले गज गंजले की फुगतात आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतात. वरून रंग देऊन हे थांबत नाही.

१४/ चार, लाकडी पट्टीवरचे जुने वायरिंग चार दिवे आणि एक पंखा यांच्या हिशोबाचे, अर्थिंगचा पत्ता नाही. ते पूर्ण बदलायचे. पाच, लोखंडी नळ आतून गंजून अरुंद झालेले, तेही बदलायचे. आमची स्लॅब दोन ठिकाणी दुरुस्तीस आली आहे, भिंती मात्र ठणठणीत आहेत.

१५/ काकांचे म्हणणेही इथे नोंदवायला हवे. ते लोभी नाहीत. त्यांचा स्वतःचा फ्लॅट नाही, निवृत्ती जवळ आली आहे, आणि आज या भूखंडावर जेवढे बांधता येईल त्याची किंमत घरापेक्षा कितीतरी अधिक आहे. ‘वारसा’ या शब्दाचा वारसाहक्क हाही एक अर्थ आहे, हे मी विसरले होते. नुसत्या भावनेवर त्यांच्या वाट्याची भरपाई होत नाही.

१६/ शेवटी निर्णय आजीने दिला. कोठीच्या खोलीत संडास-बाथरूम, पायरी नाही, भिंतीला धरायला दांडा. स्वयंपाकघराची खिडकी मोठी. वायरिंग नवे, मोझॅक घासून घ्यायचे, कडाप्प्याचा ओटा हलवायचा नाही. ‘मी आहे तोवर एवढं करा, नंतरचं तुमचं तुम्ही बघा,’ असे ती काकांकडे पाहून म्हणाली. काकांनी मान हलवली, आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अर्धा भाग स्वतःहून उचलला. नंतर काय होईल, हे आमच्यापैकी कोणीही बोललेले नाही.

१७/ काम सुरू होण्याआधी मी फीत घेऊन सारे घर मोजले आणि नवा नकाशा काढला. त्यात ग्रिल आहे, ओटा आहे, कोठी आहे, ओट्यावरच्या भिंतीवरचा काजळीचा डागही आहे. खाली प्रत्येक बदलाचे साल आणि तो कोणी करून घेतला, ते लिहिले. सहा ठिकाणी आजीचे नाव आले. तो कागद आता ट्रंकेत, निळ्या नकाशाच्या घडीत ठेवला आहे.

१८/ आपल्याकडेही असे घर असेल तर पाडण्याआधी किंवा सजवण्याआधी एवढे जरूर करा: कागदपत्रांची छायाचित्रे काढा, खोल्या मोजा, आणि त्या घरात सर्वांत जास्त राबलेल्या व्यक्तीला विचारा की इथे काय बदलले आणि का. प्रश्न नकाशा हातात घेऊन विचारू नका. स्वयंपाकघरात उभे राहून विचारा.